सुई थांबेल तिथे

पहिले तीन आठवडे नुसती मोसंबी.
माहीमला, टाइपरायटर दुरुस्तीच्या बंद दुकानावरची खोली,
भिंगाचा दिवा,
आणि सालीवरच्या बारीक छिद्रांत
सुई घालायची, काढायची. घालायची, काढायची.
सालीवर ओरखडा दिसला की हिल्डा मिस म्हणायच्या,
"मेली गं तुझी पेशंट,"
आणि दुसरी मोसंबी पुढे सरकवायच्या.
त्या मोसंब्यांचा रस कुणी प्यायला नाही.

मग पाठांतर.
पेसमेकर आहे का, विचारा. साखर आहे का.
जखम भरताना व्रण फुगतो का.
हातमोजे नवे, सुई नवी,
पाकीट तिच्यासमोरच फाडायचं,
फाटल्याचा आवाज तिला ऐकू गेला पाहिजे.
ऑटोक्लेव्हमधून काढलेला चिमटा ओढणीला पुसायचा नाही.
हे माझ्याकडे बघून.
एकदाच पुसला होता.

केस ज्या बाजूला कललेला, सुई त्याच बाजूने.
कातडी दोन बोटांत ताणायची, पण कशी,
तर झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करतो तशी.
सुई नीट गेली तर हाताला काहीच लागत नाही.
तळाशी फक्त एक पुसट अडथळा,
भिजलेला साबुदाणा चिमटीत यावा एवढा.
तिथे थांबायचं.
"ढकलणाऱ्या मुली मला नकोत," मिस म्हणायच्या,
"त्यांनी वॅक्सिंग शिकावं."

मग पायाखालचं पेडल. सेकंद मनात मोजायचे.
मग चिमट्याने केस उचलायचा, उपटायचा नाही.
पिकल्या सीताफळातून बी निसटावी तसा येतो.
जराशी जरी ओढ लागली
तर मूळ अजून जिवंत आहे,
आणि तू तिला फुकट दुखवलंस.
लगतचा केस आज नाही.
दोन सोडून तिसरा. कातडीला उसंत.

माणसाची कातडी मिळाली पाचव्या आठवड्यात:
मिसचा स्वतःचा डावा हात.
कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे ठिपके.
"ही कुंदा, एकोणनव्वद साल, करंट जास्त.
ही शहनाज, घाई.
ही, नाव आठवत नाही, लग्न ठरलं आणि अर्ध्यावर गेली."
माझा ठिपका मनगटाच्या जरा वर.
करंट चालू असतानाच मी सुई बाहेर ओढली.
जळकट वास आला, एवढासा.
त्या ओरडल्या नाहीत.
उजव्या हाताने वही ओढली, तारीख घातली,
मशीनवरचा आकडा,
आणि माझं नाव, चारुशीला, दीर्घ ई नीट काढून.
मग हात पुन्हा पुढे केला.
"चल. अजून नऊ आहेत."

उल्का टिपणीस, वय बावन्न, पोस्टात खिडकीवर.
बोलताना उजवा हात कायम हनुवटीशी.
त्यामुळे ऑफिसात सगळे तिला विचारी समजतात,
हे तिनेच सांगितलं, हसत, हात न काढता.
रोज पहाटे पाचला उठून ती बाथरूमच्या उजेडात केस उपटते,
नवरा उठायच्या आत. सत्तावीस वर्षं.
"दुखेल का?"
मी मिसकडे पाहिलं. मिस खिडकीबाहेर पाहत होत्या.
"दुखेल," मी म्हणाले.
"आणि एका खेपेत संपणार नाही. वर्ष लागेल,
कदाचित जास्तच. डॉक्टरांकडून हार्मोन्सही तपासून घ्या."
ती जरा वेळ गप्प राहिली.
आजवर तिला सगळ्यांनी क्रीमच दिलं होतं.
मग हात खाली घेतला
आणि दिव्याखाली आडवी झाली.

वीस मिनिटं, अकरा केस.
सातव्याला तिने माझा कोट मुठीत धरला. थांबले. सोडला.
पुन्हा सुरू.
नवव्याला ओढ लागली.
तो मी तिला सांगितला. सांगायची गरज नव्हती,
तिला तर कळलंच नसतं.

कोरफड लावली. दोन दिवस ऊन नको, बोट नको, चिमटा तर नकोच.
पाच वाजता जाग आली तर चहा करा.
जिना उतरताना तिचा हात परत हनुवटीवर गेला
आणि तिथे काही करायचं नाही म्हणून
तसाच हवेत राहिला, दोन पायऱ्या.

वहीत मी लिहिलं:
मंगळवार, चार वाजता. दहा केस.
एक ओढला गेला.